लॅपटॉप चालूच होत नाही: पिवळा मल्टीमीटर आणि टाइप-सी मीटर, उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

लॅपटॉपचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की आपल्याकडं निदान ठरलेलं असतं: "मदरबोर्ड गेला." परभणी घ्या, बीड घ्या, काउंटरवर पहिलं वाक्य हेच. खरं तर बऱ्याच वेळा बिघाड मदरबोर्डपर्यंत पोचलेलाच नसतो. तो अडॅप्टरमध्ये, केबलमध्ये, जॅकच्या सोल्डरमध्ये नाहीतर सैल झालेल्या रॅममध्ये असतो. हे वेगळं काढायला ज्या दोन स्वस्त वस्तू लागतात, त्यांचा हा अनुभव. एक, दोन-तीनशे रुपयांत मिळणारा पिवळा डीटी-८३० जातीचा मल्टीमीटर. दुसरी, चार्जर आणि लॅपटॉपच्या मधे बसणारा टाइप-सी पॉवर मीटर. भर उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत दोन्ही सतत हातात होते. पिवळा मीटर पैसे वसूल, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको. टाइप-सी मीटर मात्र ज्याच्याकडं टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप आहे त्यानं घ्यावाच.

पिवळ्यापासून सुरुवात. घेताना बझर असलेलाच घ्या. ८३०-डीमध्ये तो असतो, ८३०-बीमध्ये नसतो, आणि दुकानदार दोन्ही एकाच भावात ठेवतो. केबल आतून तुटलीय का हे बघायला बझर लागतोच. अडॅप्टर मोजताना पुष्कळ जण डीसी २० व्होल्टच्या रेंजवर नॉब ठेवतात. या मीटरचा आकडा १९९९ च्या पुढं जात नाही, म्हणजे त्या रेंजवर १९.९९ ही हद्द. २० व्होल्टचा अडॅप्टर प्रत्यक्षात २०.२ देत असेल तर पडद्यावर नुसता डावीकडं १ दिसतो आणि माणूस समजतो अडॅप्टर बिघडला. नॉब २०० व्होल्टवर ठेवा, प्रश्न मिटला.

गोल पिनच्या अडॅप्टरवर साधारण १९ किंवा १९.५ व्होल्ट यायला हवेत, जुन्या काहींवर १८.५. लेबलवर जे लिहिलंय त्याच्या आसपास. डेल आणि एचपीच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. ती पॉवरची नाही, अडॅप्टरची ओळख सांगणारी आहे. प्लस आतल्या भिंतीला, मायनस बाहेरच्या. मीटरचा प्रोब (वायरीचं धातूचं टोक) आत घालताना सुई आणि आतली भिंत एकमेकांना टेकली की डेलच्या अडॅप्टरमधली ओळखीची चिप उडू शकते. मग लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो पण बॅटरी चार्ज करत नाही, आणि चार दिवसांनी "बॅटरी गेली" म्हणून नवी बॅटरी विकली जाते. प्रोबच्या टोकाला थोडी इन्सुलेशन टेप गुंडाळून फक्त दोन-तीन मिलिमीटर धातू उघडा ठेवला की ही भीती राहत नाही.

एवढं करूनही १९.५ आकडा दिसला म्हणजे अडॅप्टर चांगला, असं नाही. बिनलोडचा व्होल्टेज मरणासन्न अडॅप्टरही दाखवतो. आतले सेकंडरी कपॅसिटर फुगलेले असले की लोड येताच व्होल्टेज बसतो. यावर उपाय मोटारसायकलच्या दुकानात आहे: १२ व्होल्ट २१ वॉटचे दोन इंडिकेटर बल्ब सिरीजमध्ये जोडायचे. १९ व्होल्टवर ते मिळून दीड अँपिअरच्या आसपास ओढतात. बल्ब पाच मिनिटं लावून ठेवा आणि मोजत राहा. ६५ वॉटचा चांगला अडॅप्टर १९ च्या खाली फारसा येत नाही. १५-१६ वर घसरला किंवा बल्ब लुकलुकायला लागले तर अडॅप्टर बदला. थंड बल्ब पहिल्या क्षणी जास्त करंट ओढतात, त्यामुळं सुरुवातीला एखाद वेळ अडॅप्टरनं स्वतःला कापून घेतलं तर लगेच निकाल देऊ नका. बल्ब तापतात, प्लास्टिकच्या टेबलावर ठेवू नका.

आता अडॅप्टर मरतात कशानं? "लाइट डाउन होती म्हणून जळाला" हे सगळीकडं ऐकू येतं, पण लेबलवर इनपुट १००–२४० व्होल्ट असतं. पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या आणि व्होल्टेज १६० वर आला तरी अडॅप्टर जरा जास्त गरम होऊन चालत राहतो. त्याला मारतो तो चढा व्होल्टेज. २३० व्होल्ट एसी आत डीसी झाल्यावर सुमारे ३२५ होतात, आणि तिथं बसलेला मोठा कपॅसिटर बहुतेक वेळा ४०० व्होल्टचा असतो. म्हणजे लाइन २८० च्या वर गेली की त्याची मर्यादा ओलांडली. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी) न्यूट्रल तुटला की नेमकं हेच होतं: एका घरात बल्ब मिणमिणतात, शेजारच्या घरात तेच फुटतात, कारण कमी लोडवाल्या फेजचा व्होल्टेज ३०० च्या पुढं जातो. मे-जूनमधल्या वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हाचा झटका वेगळाच. या दोन्हींपुढं साधा एक्स्टेन्शन बोर्ड काही कामाचा नाही. वीज कडाडत असेल तर प्लग काढून ठेवणं हाच बिनपैशाचा इलाज. कायमचा बंदोबस्त हवा तर जास्त व्होल्टेजला कापणारा प्रोटेक्टर बोर्डावर बसवून घ्या. तिथली जोडणी वायरमनकडूनच.

अर्थिंगचंही बघा. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात. अडॅप्टरच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून येणारी ती गळती असते. करंट अगदी थोडा, माणसाला धोका सहसा नाही. पण त्याच अवस्थेत प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल लावली तर पोर्ट जाऊ शकतो. आधी केबल लावा, मग दोन्हीकडचे प्लग. आणि खड्ड्यात पाणी टाकत जा.

टाइप-सी मीटर हे वेगळंच प्रकरण. हा मीटर चार्जरला लावला आणि पडदा कोरा राहिला तर घाबरू नका. सी-टू-सी केबलवर समोर उपकरण असल्याशिवाय चार्जर व्होल्टेजच सोडत नाही, आणि मीटर त्याच व्होल्टेजवर जगतो. लॅपटॉप लावल्यावर आधी ५ व्होल्ट येतात, मग चार्जर आणि लॅपटॉपची आपसात बोलणी होऊन २० व्होल्टवर उडी. पहिल्या दहा सेकंदांत व्होल्टेज आणि अँपिअर काय करतात, त्याच्यातच अर्धं निदान आहे.

लॅपटॉप लावूनही काहीच आलं नाही तर केबल उलटी करून बघा, दुसऱ्या पोर्टला लावून बघा, मग चार्जर बदला. ५ व्होल्टवरच अडकलं आणि करंट जवळजवळ शून्य, तर बोलणी झाली नाहीत. बहुतेक वेळा त्याचं कारण चार्जर असतो. फोनचे ६०-८० वॉटचे कित्येक चार्जर ती ताकद फक्त स्वतःच्या कंपनीच्या फोनला देतात, पीडीवर (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीवरच्या या बोलण्यांची सगळ्यांसाठी ठरलेली पद्धत) २० व्होल्ट देतच नाहीत. चार्जरच्या लेबलवर २० व्होल्टची ओळ आहे का बघा. चार्जर योग्य असून ५ वर अडकत असेल तर बॅटरी पार तळाला गेलेली असू शकते, अर्धा तास लावून ठेवा. तरी हलत नसेल तर पोर्ट किंवा बोर्डावरची पीडी चिप.

२० व्होल्ट येतात, करंट ०.०२ वगैरे, बटण दाबल्यावर आकडा हलतच नाही: इथं रीसेट आधी. चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर काढा, बटण ३० सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जरवर चालू करा. लेनोव्होच्या बऱ्याच थिंकपॅडना खालच्या बाजूला टाचणी जाईल एवढं रीसेटचं भोक असतं, ते याच कामाचं.

बटण दाबलं की करंट चढतो आणि दोन-तीन सेकंदांत परत खाली: बोर्ड उठायचा प्रयत्न करतोय, पुढं अडतोय. पहिला संशय रॅमवर. आणि करंट अँपिअरभर चढून तिथंच खालीवर होत राहिला तर लॅपटॉप चालू आहे, पडदा मेलाय. अंधारात स्क्रीनवर टॉर्च मारा, पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट. नाहीतर टीव्ही लावून बघा. २० वरून शून्य, परत ५, परत २०, असा खेळ सतत चालला तर आत शॉर्ट आहे. हा एकच प्रकार असा की थांबून थेट बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडं जावं. परत परत लावून बघण्यानं शॉर्ट झालेल्या कपॅसिटरशेजारचा ट्रॅकही जळतो.

हे आकडे ढोबळ आहेत. बॅटरी चार्ज होत असेल तर तिचाही करंट त्यात मिसळतो. म्हणून शक्य असेल तिथं बॅटरीचा कनेक्टर काढून मोजलेलं खरं.

मशीन उघडायचं तर बहुतेकांना पीएच-० स्क्रू ड्रायव्हर पुरतो, काहींना टी-५ लागतो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डात घुसतो, म्हणून कागदावर लॅपटॉपचा आकार काढून त्या-त्या जागी स्क्रू टोचून ठेवा. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आलेलं दिसलं, तर दाबायचं नाही, टोचायचं नाही, आणि ती परत जोडायची नाही. पत्र्याच्या खोलीत ४२-४३ अंशात दिवसभर चार्जिंगला लावलेले लॅपटॉप या वाटेनं लवकर जातात. बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणतात, नांदेडच्या मे महिन्यात ते कसं पाळायचं ते त्यांनाच ठाऊक. निदान सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करून ठेवा.

रॅम काढताना दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ओढा, पट्टी आपोआप तिरकी उठते. सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. खोडरबर सगळे वापरतात. चालतो, पण त्याचा भुसा स्लॉटमध्ये पडला की नवा बिघाड. एका वेळी एकच पट्टी, एकेका स्लॉटमध्ये लावून बघा. दोन पट्ट्या असतील तर चार जोड्या होतात, चारही तपासा. डीडीआर-५ (नव्या पिढीची रॅम) असेल तर रॅम हलवल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळाच राहतो, तेवढा धीर धरा.

दिव्याची लुकलुकही मोजा. डेलच्या लॅटिट्यूडमध्ये दिवा आधी पिवळा, मग पांढरा लुकलुकतो. दोनदा पिवळा आणि तीनदा पांढरा, म्हणजे दोन आणि तीन, म्हणजे रॅम सापडली नाही, दोन आणि चार म्हणजे रॅममध्ये दोष, दोन आणि सात म्हणजे पडदा. तीन आणि एक आलं तर सीआर-२०३२ जातीचं छोटं सेल मोजा. नव्यावर ३ व्होल्टच्या वर असतात, अडीचच्या खाली गेलं असेल तर बदला. डी दाबून धरून पॉवरचं बटण दाबलं की डेलचा पडदा एकेक रंग दाखवून स्वतःची परीक्षा देतो. एचपीमध्ये बायॉस (लॅपटॉप उठवणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) बिघडल्याचा संशय असेल तर विंडोज आणि बी दाबून धरून चालू करतात. त्यासाठी पेन ड्राइव्हवर त्याच मॉडेलची बायॉस फाइल तयार लागते.

एवढ्या महिन्यांत वस्तूंचं काय झालं? पिवळ्या मीटरच्या प्रोबा मानेपाशी तुटतात, अगदी हमखास. सिलिकॉन वायरच्या चांगल्या प्रोबा वेगळ्या घ्या, किंमत जवळजवळ मीटरएवढीच. आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की मीटर खरं असेल त्यापेक्षा जास्त आकडा दाखवायला लागतो, म्हणजे बसलेला अडॅप्टरही ठणठणीत वाटतो. नवं सीआर-२०३२ सेल मोजून मधूनमधून खात्री करा. तीन व्होल्टच्या जागी साडेतीन दिसले तर आधी मीटरची बॅटरी बदला. घरच्या सॉकेटमध्ये या मीटरच्या प्रोबा घालू नका. आतलं संरक्षण नावालाच असतं, आणि चुकून अँपिअरच्या भोकात प्रोब राहिला तर हातात धमाका होतो.

टाइप-सी मीटरचा पडदा उन्हात दिसत नाही, एवढी एक कुरकुर. घेताना मात्र नीट बघा: स्वस्त मीटर केबल एका बाजूनं लावली तरच बोलणी पुढं जाऊ देतात, उलटी केली की लॅपटॉप ५ वर अडकतो आणि दोष लॅपटॉपला लागतो. दुकानातच दोन्ही बाजूंनी लावून २० येतात का बघा. मीटरवर किती व्होल्टपर्यंत चालतो तेही वाचा. नवे १०० वॉटच्या वरचे चार्जर २८ व्होल्ट आणि पुढं जातात, २४-२५ ची मर्यादा असलेला मीटर तिथं लावायचा नाही. ३ अँपिअरच्या वर करंट हवा असेल तर ५ अँपिअरची चिप असलेली केबल लागते. फोनसोबत आलेली केबल बहुधा ६० वॉटवर थांबते, म्हणून शंभरचा चार्जर लावूनही मीटरवर साठच दिसले तर केबल बघा.

एवढं करून लॅपटॉप उठला नाही तर तो द्यावाच लागेल. देताना कागदावर लिहून द्या: अडॅप्टर लोडवर किती व्होल्ट, टाइप-सीवर किती व्होल्टला अडकतो, बटण दाबल्यावर करंट चढतो का, रॅमच्या कुठल्या जोड्या तपासल्या. चांगला कारागीर हे वाचून थेट १९ व्होल्टच्या लाइनवर किंवा ३ आणि ५ व्होल्टच्या सप्लायवर जातो. पीक विम्याच्या किंवा प्रवेशाच्या दिवसांत सेवा केंद्राचा लॅपटॉप असेल तर त्याआधी एसएसडी काढून स्वतःकडं ठेवा. बोर्डाच्या दुरुस्तीला ती लागत नाही, आणि फॉर्म दुसऱ्या मशीनवर भरता येतात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर तिची रिकव्हरी की मात्र लॅपटॉप धडधाकट असतानाच काढून ठेवलेली हवी.