हयात कलावंतांच्या ‘मागे घेतलेल्या’ तिकिटांचा सौदा

टपाल तिकिटांवर आणि पोस्टकार्डांवर हयात चित्रपट कलावंतांची छबी शोधणारे संग्राहक आपल्याकडे थोडे आहेत, आणि थोडे असल्यामुळेच त्यांना गाठणे सोपे जाते. अशाच एका विक्रेत्याने माझ्याकडून साडेतेवीस हजार रुपये घेतले. त्या बदल्यात त्याने काय पाठवले आणि त्यातील खोटेपणा कसा उघड झाला हे सविस्तर लिहीत आहे, कारण तोच माल नाव बदलून अजूनही फिरत आहे.

ही फसवणूक कोणत्या फटीतून शिरते हे आधी समजून घेतले पाहिजे. हयात व्यक्तीवर तिकीट न काढण्याचा भारतीय टपाल खात्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. त्याला सन्माननीय अपवाद आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावर १९५८ मध्ये त्यांच्या शताब्दीनिमित्त तिकीट निघाले तेव्हा ते हयात होते. १९६० मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना आणि १९८० मध्ये मदर तेरेसा यांना तो मान मिळाला. आणि १४ नोव्हेंबर २०१३ रोजी सचिन तेंडुलकरवर प्रत्येकी २० रुपयांची दोन तिकिटे निघाली. चित्रपटसृष्टीच्या बाबतीत मात्र खाते काटेकोर राहिलेले दिसते. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त ३ मे २०१३ रोजी जी ५० तिकिटे निघाली, त्यांवर दुर्गा खोटे, भालजी पेंढारकर, स्मिता पाटील, देव आनंद अशी मंडळी आहेत, पण त्या संपूर्ण संचात हयात असलेले कोणीही नव्हते. राजेश खन्ना आणि यश चोप्रा हे तर आदल्याच वर्षी गेलेले होते.

म्हणजे ज्या कलावंताला आपण आजही पडद्यावर पाहतो, त्याचे भारतीय तिकीट आपल्या अल्बममध्ये असावे ही इच्छा सरळ मार्गाने पूर्ण होत नाही. ही रुखरुख ज्याला ओळखता येते, तो ‘छापले, पण मागे घेतले’ ही गोष्ट रचतो.

मोबाइलवरील संग्राहकांच्या एका खासगी गटात हा विक्रेता रात्री लिलाव करीत असे. त्याचे बोलणे अतिशय अदबीचे होते. “काका, खात्यानं हे तिकीट छापलं होतं, पण वाद होईल म्हणून प्रकाशनाच्या आदल्या दिवशी परत मागवलं. थोड्याच शीट बाहेर राहिल्या. तुम्ही जाणकार आहात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं?” असे तो फोनवर म्हणाला. बोली चढवणारी तीन नावे प्रत्येक लिलावात असत. पुढे मी जाहीरपणे प्रश्न विचारताच ती तिन्ही नावे त्याच संध्याकाळी गटातून नाहीशी झाली. ती माणसे त्याचीच होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पाकिटात तीन प्रकारच्या वस्तू आल्या. पहिली म्हणजे हे ‘मागे घेतलेले’ तिकीट. काळ्या पार्श्वभूमीच्या माउंटमध्ये, म्हणजे तिकीट जपण्याच्या पारदर्शक खिशात, ते घट्ट बसवलेले होते, त्यावर एका लोकप्रिय हिंदी अभिनेत्याचे छायाचित्र होते, वर ‘भारत’ आणि खाली किंमत छापलेली होती, मागे अस्सल वाटणारा डिंकही होता. सोबत होलोग्राम चिकटवलेले ‘सत्यता प्रमाणपत्र’ होते, ज्यावर संस्थेचे भारदस्त नाव होते, परंतु पत्ता कुठेच नव्हता.

माउंटमधून काढून दहापट भिंगाखाली ठेवल्यावर चित्र पालटले. छायाचित्र एका छपाईचे होते आणि ‘भारत’ ही अक्षरे दुसऱ्याच छपाईची होती. अक्षरांच्या कडा धूसर होत्या, त्यांच्याभोवती निळे-तांबडे ठिपके उडालेले होते आणि ‘र’वरची शिरोरेषा मध्येच तुटलेली होती. ओलसर कापूस किमतीच्या आकड्यावर हलकेच टेकवला तर आकडा पसरला. पण खरा उलगडा डाव्या कडेने केला. त्या बाजूच्या छिद्रांच्या दात्यांवर गुलाबी रंगाची एक बारीक पट्टी उरलेली होती आणि ती शेजारच्या कोणत्या तरी फुलाच्या चित्रातून आलेली होती.

म्हणजे मला मिळालेले ‘तिकीट’ हे टपाल खात्याच्या ‘माय स्टॅम्प’ योजनेच्या शीटमधून फाडलेली, तिकिटाशेजारची चित्राची चौकट होती. २०११ च्या इंडिपेक्स या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनापासून टपाल खात्याने ही योजना सुरू केली. तिच्यात १२ तिकिटांच्या शीटला ३०० रुपये भरले की खात्याच्या ठरलेल्या तिकिटाशेजारच्या कोऱ्या चौकटीत आपण दिलेले छायाचित्र छापून मिळते. देशाचे नाव आणि किंमत असते ती तिकिटावर. शेजारच्या चौकटीला स्वतःचे टपालमूल्य काहीही नसते. एखाद्या कलावंताचे छायाचित्र त्या चौकटीत आले म्हणजे भारत सरकारने त्याच्यावर तिकीट काढले, असा त्याचा अर्थ होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये कानपूरच्या टपाल कार्यालयातून याच योजनेखाली छोटा राजन आणि मुन्ना बजरंगी या गुंडांची छायाचित्रे असलेल्या शीट ६०० रुपये भरून कोणी तरी मिळवल्या होत्या आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला होता. एवढे उदाहरण या बाबतीत पुरेसे आहे. माझ्या बाबतीत मूळ तिकीट फाडून बाजूला काढले गेले, उरलेल्या चौकटीवर देशाचे नाव आणि किंमत घरच्या प्रिंटरवर चढवली गेली, आणि फाटलेली कड माउंटने झाकली गेली. डिंक आणि छिद्रे खरी होती, कारण कागद खरा होता. ही लबाडी विशेष घातक आहे ती यामुळेच.

दुसरी वस्तू ‘तुवा’ या नावाच्या तीन मिनिएचर शीट, म्हणजे थोडीच तिकिटे असलेले छोटे सचित्र कागद, होत्या. त्यांवर तोच अभिनेता हॉलिवुडच्या नटांच्या पंक्तीत बसवलेला होता. तुवा हे नाव जुन्या संग्राहकांना परिचयाचे आहे, कारण हा छोटा देश १९२६ पासून स्वतःची तिकिटे काढत असे आणि त्याची त्रिकोणी व शंकरपाळ्याच्या आकाराची तिकिटे आजही आवडीने जमवली जातात. परंतु १९४४ मध्ये तो सोव्हिएत संघात विलीन झाला आणि आज तो रशियाचा भाग आहे. त्याला स्वतंत्र टपाल प्रशासन नाही. तुवा, बुर्यातिया, तातारस्तान, करेलिया अशा रशियन प्रदेशांच्या नावांनी छापलेले कागद १९९० च्या दशकापासून बाजारात येत आहेत आणि त्यांवर चित्रपट कलावंत विपुल असतात. ते पत्रावर चिकटवून पाठवण्यासाठी कोणत्याही टपाल खात्याने काढलेले नाहीत. खऱ्या आफ्रिकी देशांची नावेही अशाच पद्धतीने वापरली जातात आणि त्या देशांच्या तक्रारींवरून जागतिक टपाल संघाने वेळोवेळी परिपत्रके काढलेली आहेत.

याचा अर्थ हयात अभिनेत्यांची खरी तिकिटे नाहीतच असा कोणी घेऊ नये. ऑस्ट्रियाने २००४ मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगरचे तिकीट काढले. अमेरिकेने २०१३ मध्ये हॅरी पॉटर चित्रपटांवर २० तिकिटे काढली आणि त्यांवर हयात कलाकारांचे चेहरे आहेत. ब्रिटनच्या रॉयल मेलने मार्च २०२० मध्ये जेम्स बाँड साकारणाऱ्या सहा नटांची तिकिटे काढली, तेव्हा त्यांपैकी केवळ रॉजर मूर हयात नव्हते. ही तिकिटे माझ्या संग्रहात आहेत, ती माफक किमतीला मिळतात आणि त्यांची नोंद कॅटलॉगमध्ये सापडते. जागतिक टपाल संघाच्या पुढाकाराने चालणाऱ्या डब्ल्यूएनएस नोंदवहीत १ जानेवारी २००२ पासूनची, सहभागी देशांची तिकिटे क्रमांक आणि चित्रासह विनामूल्य पाहता येतात. विक्रेत्याकडे मी हा क्रमांक मागितला तेव्हा “दुर्मीळ मालाला क्रमांक नसतो, काका” असे उत्तर आले. एखाद्या देशाचा सहभाग नसेल तर क्रमांक नसणे शक्य आहे, पण तसे असेल तर छापील कॅटलॉगमधील नोंद दाखवता आली पाहिजे. ती त्याने कधीच दाखवली नाही.

तिसरी वस्तू पाहून मला सर्वांत अधिक वाईट वाटले. वहीदा रहमान यांचे छायाचित्र असलेले एक पोस्टकार्ड त्याने ‘१९६० च्या दशकातील ब्रोमाइड, अस्सल स्वाक्षरीसह’ म्हणून दिले होते. त्या काळातील ब्रोमाइड, म्हणजे थेट छायाचित्राच्या कागदावर उतरवलेली, कार्डे आमच्या पिढीने वहीत जपून ठेवलेली आहेत. त्यांच्यातला मऊ करडेपणा डोळ्यांना सवयीचा आहे. खरे ब्रोमाइड भिंगाखाली धरले तर छटा सलग दिसते, ठिपके दिसत नाहीत. या कार्डावर चेहराही ठिपक्यांचा होता आणि स्वाक्षरीही. पेनाच्या दाबाने कागदावर उमटणारी खाच बोटाला लागत नव्हती, तिरप्या उजेडातही दिसत नव्हती. कार्डाच्या चारही कडा सारख्याच तपकिरी होत्या, हेही संशयास्पद होते. आणि मागच्या बाजूला पत्त्याच्या ओळींखाली पिन कोडसाठी सहा चौकोन छापलेले होते! श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी अधिकाऱ्याने आखलेली पिन कोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. १९६० च्या दशकातील कार्डावर ते सहा चौकोन असूच शकत नाहीत. जुनी म्हणून विकली जाणारी पोस्टकार्डे पाहताना चित्राआधी पाठ पाहावी, असे मी प्रत्येक नव्या संग्राहकाला सांगतो.

मी पैसे परत मागितले तेव्हा विक्रेत्याने ते देण्याची तयारी दाखवली, परंतु माल आधी कुरिअरने परत पाठवण्याची अट घातली. ही अट म्हणजे फसवणुकीचा दुसरा टप्पा आहे. सांगलीकडच्या एका संग्राहकाने विश्वासाने माल परत पाठवला. त्याचे पैसेही गेले आणि पुरावाही गेला. मी माल हातचा सोडला नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि तिची प्रत पोलीस ठाण्यात दिली. पैसे भरल्यानंतर शक्य तितक्या लवकर १९३० वर फोन केल्यास ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते, म्हणून पाकीट हातात पडून संशय येताच थांबू नये. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, संभाषणाची न कापलेली चित्रे आणि टपालाचा शिक्का असलेले मूळ पाकीट या तिन्ही गोष्टी जपून ठेवाव्यात.

फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेतील कलम ३१८ आहे. बनावट टपाल तिकिटांसाठी कलम १८६ वेगळे आहे आणि त्यात परदेशी सरकारांच्या नावाने काढलेली खोटी तिकिटेही येतात, परंतु त्याची शिक्षा २०० रुपयांपर्यंतचा दंड एवढीच आहे. हजारो रुपयांचा व्यवहार करणाऱ्या माणसाला २०० रुपयांची भीती वाटण्याचे कारण नाही. ही रक्कम वाढली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तक्रार नोंदवताना कलम ३१८ चा आग्रह धरावा.

तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही. दरम्यान तेच ‘मागे घेतलेले’ तिकीट एका वेगळ्या गटात, वेगळ्या नावाने आणि वाढीव बोलीने विक्रीला आलेले मी पाहिले. त्याच्या चित्रातही ‘भारत’मधील ‘र’वरची शिरोरेषा त्याच ठिकाणी तुटलेली आहे, म्हणजे सर्व नग एकाच फाइलवरून छापले जात आहेत. असे तिकीट कोणाला दाखवले गेल्यास आधी माउंटबाहेर काढलेल्या डाव्या कडेचे छायाचित्र मागावे आणि ते मिळाल्याखेरीज एक रुपयाही भरू नये.