दत्तक की प्रतिपालकत्व? ठरवण्याआधी थोडं बोलू

"ताई, दत्तकसाठी नाव नोंदवून दोन वर्षं झाली. नंबर काही लागत नाही. तोवर फॉस्टर करून बघावं का?"

आमच्या घरी प्रतिपालकत्वात (म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळण्यात) मुलगी राहत होती हे कळल्यापासून असे फोन मला अधूनमधून येतात. विचारणारी माणसं वाट पाहून थकलेली असतात, म्हणून एकदम 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. पण माझं उत्तर 'नाही' असंच असतं. निदान 'तोवर' या शब्दासाठी तरी नाहीच. प्रतिपालकत्वात येणारं मूल वेगळं असतं, कायद्याने तुमचं त्याच्याशी जुळणारं नातं वेगळं असतं आणि त्या नात्याचा शेवटही वेगळा ठरलेला असतो. त्यामुळे दोन्ही बाजू नीट समजून घेतल्याशिवाय अर्ज भरू नये, असं मला मनापासून वाटतं.

कायदा दोन्हींना एकच आहे : बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. काही देशांत प्रतिपालक होण्यासाठी परवाना काढावा लागतो. आपल्याकडे तसा परवाना नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्ष घराची पाहणी करतो, अहवाल लिहितो आणि बाल कल्याण समिती तुमचं कुटुंब योग्य आहे असं ठरवून मूल सोपवण्याचा आदेश काढते. दत्तकाचं काम 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवरून चालतं. शेवटचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे, २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला.

इथेच एका शब्दाचा गोंधळ सोडवून टाकते. दत्तकात मूल घरी आल्यापासून आदेश हाती पडेपर्यंतच्या काळाला 'दत्तकपूर्व प्रतिपालन' म्हणतात. त्याचा आपल्या विषयाशी संबंध नाही. तो दत्तकाचाच एक टप्पा आहे. नाव सारखं असल्यामुळे बरेच जण फसतात.

मूल कोणतं येतं?

सगळा फरक खरं तर इथे आहे. दत्तकात येणारं मूल अनाथ असतं, सोडून दिलेलं असतं किंवा आई-वडिलांनी समितीसमोर रीतसर स्वाधीन केलेलं असतं. स्वाधीन करणाऱ्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. सापडलेल्या मुलाच्या पालकांचा शोध घेतला जातो आणि कोणीच पुढे आलं नाही तर समिती त्याला दत्तकासाठी मुक्त घोषित करते. त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिने आणि त्यापुढच्या मुलाला चार महिने अशी मुदत कायद्यात आहे. म्हणजे ते मूल तुमच्या दारात येतं तेव्हा त्याच्या मागचं दार कायद्याने बंद झालेलं असतं.

प्रतिपालकत्वात ते दार बहुतेक वेळा उघडंच असतं. साधारण सहा वर्षांवरची मुलं यात येतात. कोणाची आई दीर्घ आजारी असते, कोणाचे वडील तुरुंगात असतात, कोणाचे पालक मूल सांभाळायला असमर्थ असल्याचं समितीला आढळलेलं असतं. काही मुलं वर्षानुवर्षं बालगृहात असतात आणि त्यांना कोणी भेटायलाही येत नाही. कायद्याच्या कलम ४४ मध्ये एक वाक्य आहे, ते मला फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी वाचून दाखवते : समितीने जे मूल दत्तक देण्याजोगं मानलं आहे, ते दीर्घ मुदतीच्या प्रतिपालकत्वात द्यायचं नाही. तुम्ही ज्या बाळाची रांगेत वाट बघताय, ते या वाटेने तुमच्याकडे येणारच नाही.

याच कलमात असंही लिहिलं आहे की आई-वडील असमर्थ ठरल्यामुळे मूल दुसऱ्या घरी दिलं असेल, तर ते ठराविक दिवसांनी त्याला भेटू शकतात (समितीला ते मुलाच्या हिताचं वाटत नसेल तर गोष्ट वेगळी), आणि ते सावरले असं समितीने ठरवलं की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. कागदावर हे वाचताना मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. घरात ते कसं दिसतं, ते सांगते.

आमच्याकडे आलेली मुलगी नऊ वर्षांची होती. तिची आई दर दुसऱ्या शनिवारी भेटायला यायची. खुर्चीच्या अगदी कडेवर बसायची, पाणीही दोनदा आग्रह केल्यावर घ्यायची. मुलगी शेजारी येऊन बसली की आई काही न बोलता तिची वेणी सोडायची. सकाळी मी घातलेली, चांगली घट्ट वेणी. पर्समधून कंगवा काढून केस विंचरायची आणि पुन्हा तशीच वेणी घालायची. पहिल्या दोन वेळा मला राग आला. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तिसऱ्या शनिवारी मुलीकडे लक्ष गेलं. डोळे मिटून, मान मागे टाकून बसली होती. तेव्हापासून त्या शनिवारी मी तिची वेणी घालणं सोडून दिलं, केस नुसते मोकळे ठेवायचे.

हे तुम्हाला जमेल का, ते स्वतःला विचारा. ज्या घराला 'आमचं आणि फक्त आमचं' मूल हवं आहे, त्यांनी ही इच्छा लपवू नये. त्यात गैर काहीच नाही. त्यांनी दत्तकच घ्यावं.

नाव, हक्क आणि निर्णय

दत्तकाचा आदेश झाला की ते मूल सगळ्या अर्थांनी तुमचं. आडनाव तुमचं, जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून तुमची नावं, वारसाहक्क पोटच्या मुलासारखा. त्यानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्था विचारपूस करते, मग तेही थांबतं.

प्रतिपालकत्वात मूल स्वतःचं नाव, आडनाव घेऊन येतं आणि ते तसंच राहतं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाच्या रकान्यात माझ्या नवऱ्याचं नाव लिहायला गेले, तर तिनेच माझा हात धरला आणि म्हणाली, "तिथे माझ्या पप्पांचं नाव लिहायचं असतं." बरोबर होतं तिचं. शिक्षण, आरोग्य, खाणंपिणं ही जबाबदारी पूर्ण तुमची, पण मुलाच्या भवितव्याचा निर्णय समितीचा. कायद्यानुसार प्रतिपालक कुटुंबाची दर महिन्याला तपासणी व्हायला हवी. कोणीतरी घरी येणार, मुलाशी एकट्याने बोलणार, अभ्यासाची वही बघणार. ज्यांना यात अविश्वास वाटतो त्यांना हे फार जाचेल. मला स्वतःला ती भेट आधाराची वाटायची, कारण माझे प्रश्न विचारायला तेवढंच एक माणूस हक्काचं होतं.

वारसाहक्क प्रतिपालकत्वात येत नाही. काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा. मुदत एक वर्षापर्यंत असेल तर ती अल्पकालीन, त्यापुढे दीर्घकालीन, आणि मूल अठरा वर्षांचं झालं की प्रतिपालकत्व संपतं. पुढे २१ व्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठीची मदत मिळू शकते. अठराव्या वाढदिवसाला कोणी मुलाला घराबाहेर काढा म्हणत नाही, पण त्यानंतरचं नातं तुम्ही दोघांनी मनाने टिकवायचं असतं.

वयाचं गणित

बरीच जोडपी इथे अडकतात, म्हणून आकडे नीट बघा. दत्तकात पती-पत्नीच्या वयांची बेरीज धरतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती ८५ च्या आत हवी, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि आठच्या वर ११०. एकट्या व्यक्तीसाठी याच गटांना ४०, ४५, ५० आणि ५५ या मर्यादा. मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं. दोन किंवा अधिक मुलं आधीच असतील, तर साधारणपणे विशेष गरजांची किंवा सहसा कोणी न स्वीकारलेली मुलंच तुम्हाला मिळू शकतात.

प्रतिपालकत्वाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये जोडप्याच्या वयांची बेरीज उलट किमान ७० हवी असं आहे. एकट्या स्त्री-पुरुषांनाही आता हे करता येतं, वय ३५ ते ६० हवं. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही, हा नियम दोन्हीकडे सारखा. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावीत, हेही दोन्हीकडे.

उदाहरणार्थ नवरा ५२, बायको ५०. बेरीज १०२. दत्तकात त्यांना आठ वर्षांवरचंच मूल मिळू शकतं. मुलं शिकून बाहेर पडलेली, घर रिकामं, अंगात अजून बळ आहे, अशा जोडप्यांना प्रतिपालकत्व मला सगळ्यात शोभून दिसतं. एकदा पालकपण निभावून झालेलं असल्यामुळे मूल परत जाण्याची भीती त्यांना जरा कमी असते.

वाट किती, खर्च किती

लहान, निरोगी बाळासाठी दत्तकाच्या रांगेत तीन-साडेतीन वर्षं सहज जातात. २०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली आणि हा आकडा बऱ्याच वर्षांतला मोठा म्हणून गाजला, यावरून रांगेचा अंदाज यावा. पण हेही लक्षात घ्या : मोठी मुलं आणि विशेष गरजा असलेली मुलं याच पोर्टलवर दिसतात आणि त्यांच्यासाठी तुमचा क्रमांक येईपर्यंत थांबावं लागत नाही. आठ-दहा वर्षांचं मूल कायमचं आपलं म्हणून स्वीकारायची तयारी असेल, तर थकलेल्या जोडप्यांना मी प्रतिपालकत्वाऐवजी ही वाट सुचवते. ती फार कमी लोक विचारात घेतात याचं मला वाईट वाटतं.

वाट चुकवणारा शॉर्टकट मात्र नको. दवाखान्यातून परस्पर, स्टॅम्पपेपरवर सह्या करून मूल घेणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

खर्चाचं थोडक्यात सांगते. दत्तकात ठरलेलं शुल्क संस्थेला भरायचं आणि पुढचा सगळा खर्च तुमचा. प्रतिपालकत्वात मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात. ते वेळेवर येतीलच असं धरून घर चालवू नका. आमचा पहिला हप्ता पाचव्या महिन्यात आला. चष्मा, दातांचा डॉक्टर, सहलीची फी हे खर्च तोवर थांबत नाहीत.

प्रतिपालकत्वातून दत्तक होतं का?

होऊ शकतं. मूल त्याच कुटुंबात किमान दोन वर्षं राहिलं असेल आणि दरम्यान दत्तकासाठी मुक्त झालं असेल, तर ते कुटुंब त्याला दत्तक घेऊ शकतं. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती. मुदत कमी झाली हे मुलांसाठी चांगलंच झालं, पण त्यामुळे 'दोन वर्षं सांभाळा, मग तुमचंच' असा समज पसरला आहे. त्या वाक्यातला 'मुक्त झालं असेल' हा तुकडा लोक गाळतात. मनात ही आशा धरून प्रतिपालकत्व घेतलेल्या घरात प्रत्येक आईभेटीचा दिवस जड जातो, आणि मुलाला ते कळतं. आई सावरावी असं मनापासून वाटणारं घर त्याला मिळायला हवं.

आणखी एक रस्ता आहे, तो मला अनेकदा सुचवावा लागतो. मूल तुमच्याच नात्यातलं असेल, आजीकडे किंवा एकट्या आईकडे राहत असेल आणि अडचण फक्त पैशाची असेल, तर त्याला तिथून हलवायचंच कशाला? प्रायोजकत्व (मुलाच्या संगोपनासाठी कुटुंबाला मिळणारी पैशाची मदत) आहे, राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. त्यांची मदत मूल राहतं त्याच घरी मिळते. नातेवाइकांमधलं दत्तकविधानही रीतसर होतं.

घरात आधीचं मूल असेल तर त्याला शेवटी सांगू नका, आधी विचारा. आमचा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याने एकच विचारलं, "कपाट अर्धं द्यावं लागेल का?" आम्ही 'हो' म्हणालो. त्याने दोन दिवस घेतले आणि मग खालचे दोन कप्पे रिकामे केले. मुलगी चौदा महिन्यांनी आईकडे परत गेली. ते कप्पे त्याने पुढे कितीतरी दिवस भरले नाहीत आणि आम्हीही त्याला भर म्हणालो नाही. प्रतिपालकत्वात हा काळ येणार, हे धरूनच चला. त्याबद्दल अर्जात कुठेच लिहिलेलं नसतं.

अजूनही ठरत नसेल तर अर्ज भरण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात दोघांनी मिळून जा. तिथल्या अधिकाऱ्यांना एवढंच विचारा : आत्ता प्रतिपालकत्वासाठी कोणत्या वयाची मुलं आहेत, त्यांना भेटायला कोण येतं आणि ती किती दिवसांसाठी द्यायची आहेत. भावंडं असतील तर तेही विचारा, कारण त्यांना एकत्र ठेवण्याचा प्रयत्न करायचा असं कायदाच सांगतो, आणि दोघांना एकदम घेणारी घरं फार थोडी असतात. उत्तरं ऐकून घरी येताना तुमच्या मनात त्या मुलांचे विचार येत होते की रांगेतल्या बाळाचे, ते रात्री एकमेकांना सांगा.