मलम, क्रीम की लोशन? बाळाच्या इसबासाठी काय घ्यावं

आधी तो इसबच आहे ना, ते बघा. तान्ह्या बाळाला इसब बहुधा गालांवर, डोक्यावर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला उठतो. लंगोटाची जागा सहसा सुटते. मूल मोठं झालं की कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत सरकतो. सावळ्या अंगावर लाली शोधत बसू नका. तिथे चट्टा करडा किंवा काळपट दिसतो, हात फिरवला की खरखरीत लागतो. चट्टा गोल, कडा उचललेल्या आणि मध्यभाग साफ असेल, तर गजकर्णाची शंका घ्या. त्यावर घरात पडलेलं स्टेरॉइड (सूज-खाज उतरवणारं औषधी मलम) चोपडलं तर गजकर्ण आणखी पसरतं.

आता निवडीचं. मी बोलतेय ते औषधाबद्दल नाही, कातडी मऊ आणि ओलसर ठेवायला रोज लावायच्या मॉइश्चरायझरबद्दल. मलम म्हणजे जवळजवळ सगळा तेलकटपणाच. ओल धरून ठेवतं, पण बाळ हातातून निसटतं, चादरीला डाग पडतात आणि उकाड्यात ते किरकिरतं. लोशनमध्ये पाणी जास्त. झरझर पसरतं, केसाळ भागाला सोयीचं, पण परत परत लावावं लागतं. क्रीम या दोघांच्या मधलं.

जितकं चिकट तितकं गुणकारी, असं मीही धरून चालायचे. ब्रिटनमध्ये 6 महिने ते 12 वर्षांच्या 550 मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. 16 आठवडे लोशन, क्रीम, जेल आणि मलम वापरून बघितलं. इसब आटोक्यात ठेवण्यात चौघांत फरक निघाला नाही. कातडी चुरचुरण्यात मात्र फरक निघाला: मलम लावणाऱ्यांपैकी 9 टक्के मुलांना, तर लोशनवाल्यांपैकी 20 टक्के मुलांना चुरचुर झाली. म्हणून कातडी फुटलेली असेल तर मी मलमच घेईन, एरवी मूल जे लावून देईल ते. दिवसा क्रीम, रात्री मलम असंही चालतं.

खरी चूक मापात होते. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लागू शकतं, त्यामुळे छोट्या ट्यूबच्या नादी लागू नका. डबा घेतलात तर बोटं न बुडवता स्वच्छ चमच्याने काढा. कोमट पाण्याची 5 ते 10 मिनिटांची आंघोळ, अंग टिपायचं, आणि ओलसर असतानाच लव खाली बसते त्या दिशेने हात फिरवायचा.

इसब भडकला की यातलं कुठलंच एकटं पुरत नाही. तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड लागतं, आणि लोक ते भीतीपोटी ठिपक्यासारखं लावतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्याच, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला ती पुरते.

पिवळट खपल्या धरल्या, पाणी सुटलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. एकसारखे, खोलगट, दुखरे फोड झपाट्याने उठत असतील तर ते नागिणीच्या जातीच्या विषाणूचं काम असू शकतं. तेव्हा सकाळची वाट न बघता रात्रीच निघा.