अल्टोचं इंजिन घरच्या शेडमधे बदललं : खर्च किती, कष्ट किती आणि एवढे महिने चालवल्यावर गाडी कशीय

गाडी 2011 ची, जुनी अल्टो एलएक्सआय, 796 सीसीचं तीन सिलेंडरवालं एफ8डी इंजिन, पासिंग एमएच 50, म्हणजे कराडचं. मूळ इंजिन गेलं कुंभार्ली घाटात. भाचा चिपळूणहून वर येत होता, रेडिएटरचा खालचा होज फाटला, कूलंट सगळं रस्त्यावर, आणि पठ्ठ्या टेंपरेचरच्या काट्याकडं न बघता एसी लावून घाट चढत राहिला. बंद पडल्यावर थांबला, वर पाणी ओतून परत सेल्फ मारला. टोचन करून घरी आणली आणि ऑइलची डिपस्टिक ओढली तर वर दुधाचा चहा, म्हणजे ऑइलमधे पाणी मिसळलेलं. इंजिनाचं वरचं हेड काढलं तर दोन आणि तीन नंबरच्या सिलेंडरमधे गॅसकेट जळालेलं, हेड वाकलेलं, आणि दोन नंबरच्या बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, नखाला लागतील अशा रेघा.

गॅरेजवाल्यानं सांगितलं की बोअर, ओव्हरसाईज पिस्टन, हेड फेसिंग, व्हॉल्व, बेअरिंगं धरून अठ्ठेचाळीस हजार, क्रँक खराब निघाली तर वरचे वेगळे. नाहीतर युज्ड इंजिन तोच आणून टाकणार, 62 हजार, एक महिना गॅरंटी. आहे तशी विकायची म्हटलं तर 35 हजाराच्या वर कोणी जाईना, आणि चालू कंडिशनमधली तशीच अल्टो लाखाच्या आसपास जात होती. घरी ट्रॅक्टरच्या शेडला लोखंडी गर्डर आहे, कामावर जायला मोटरसायकल आहे, आणि ट्रॅक्टरची इंजिनं उतरवणारा आमचा बाळूदादा शेजारच्याच गल्लीत, म्हणून घरी करायचं ठरलं. यातली एक जरी गोष्ट नसती तर मी गुमान गॅरेजला पैसे दिले असते, आणि तुमच्याकडं नसेल तर तुम्हीपण द्या.

आता इंजिन. पुण्यात जुन्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याला, युज्ड इंजिनांची लाईन लागलेली असते, पण "अल्टोचंच हाय, बिनधास्त न्या" हे वाक्य ऐकून पैसे काढायचे नाहीत. 2010 साली पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत बीएस-4 (गाडीच्या धुराचे नियम) आलं आणि बाकी ठिकाणी बीएस-3 चालू राहिलं, त्यात 2012 च्या शेवटी अल्टो 800 आली, तिचंही इंजिन एफ8डीच म्हणतात पण बदललेलं. ब्लॉक लांबून सारखा दिसतो, सेन्सर आणि मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेले हवेचे पाईप) बघितल्यावर फरक कळतो. आम्ही आपल्याच सालातल्या गाडीचं शोधलं आणि वर आपलाच मॅनिफोल्ड, आपलेच सेन्सर, आपलंच वायरिंग ठेवलं, म्हणजे ईसीएमला, इंजिनाच्या कॉम्प्युटरला, भानगडच नाही. घेताना बाळूदादानं तिन्ही प्लग काढून क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानं फिरवून बघितलं, ऑइलच्या टोपणाच्या आत पांढरं काही नाही ना बघितलं, आणि कॉम्प्रेशन गेज (सिलेंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावायला लावलं. आकडा किती येतो त्यापेक्षा तिन्हीत फरक नको हे तो सारखं सांगत होता. एका दुकानात गेज लावू देईनात, तिथनं आम्ही उठलो.

आणि बिल! बिलावर इंजिन नंबर, ज्या गाडीतनं काढलं तिचे कागद, हे हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, म्हणजे हेड बदललं तर आरसीला काही होत नाही, पण ब्लॉक बदलला की इंजिनाचा नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळत नाही. एका ठिकाणी तर दुकानदारच म्हणाला, "साहेब, नंबर घासून तुमचा जुना पाडून देतो, पाचशे रुपये." सरळ गुन्हा आहे हा, आणि चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलीस पहिले आपल्या दारात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, इंजिन बदललं की 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अर्ज, बिल, गाडी समोर नेऊन दाखवणं, आरसीवर नवीन नंबर, आणि तीच कॉपी इन्शुरन्सवाल्यांना देऊन पॉलिसीत बदल. ह्यात फार पैसे जात नाहीत, सुट्ट्या जातात. गाडीवर लोन असेल तर बँकेची एनओसी पण लागते.

उतरवायच्या कामाबद्दल लोकांना वाटतं इंजिन उचलणं अवघड. ते तर सगळ्यात सोपं निघालं, भाड्यानं चेनकप्पी आणली, गर्डरला लटकवली, हे इंजिन गिअरबॉक्ससकट पण हलकंच आहे. जीव जातो तो सोडवण्यात. चौदा वर्षं कोकणात ये-जा केलेल्या गाडीचे बोल्ट म्हणजे गंजानं ब्लॉकशी लग्न लावून बसलेले असतात. सायलेन्सरचा पुढचा पाईप जिथं बसतो तिथला एक स्टड आदल्या रात्री डिझेल-गंजतेल मारून ठेवूनसुद्धा तुटला. बाळूदादानं तिथं ड्रिल घातलंच नाही, तुटलेल्या टोकावर नट ठेवला, वेल्डिंगनं भरला, लालसर असतानाच पाना लावून इकडं-तिकडं इकडं-तिकडं करत हळूहळू फिरवला आणि तुकडा बाहेर आला. एवढ्या एका स्टडला दुपार गेली. लोअर आर्मच्या बॉल जॉइंटनं पण असंच रडवलं, तो सुटल्याशिवाय एक्सेल बाहेर येत नाही आणि एक्सेल आल्याशिवाय गिअरबॉक्स हलत नाही, आणि एक्सेल ओढायच्या आधी गिअर ऑइल काढायचं, नाहीतर शेडभर.

एक युक्ती मात्र मोलाची. एसीचा कॉम्प्रेसर पाइपासकट ब्रॅकेटवरनं सोडायचा आणि तसाच बाजूला सुतळीनं बांधून ठेवायचा, पाईप उघडायचेच नाहीत, म्हणजे गॅस जात नाही. गॅरेजच्या अंदाजात एसी गॅसचे पैसे वेगळे धरलेले होते, आमचे ते वाचले. पेट्रोलची लाईन सोडायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारून प्रेशर उतरवायचं, ते विसरलं तर डोळ्यात पेट्रोल. प्रत्येक कनेक्टरला पांढरी चिकटपट्टी लावून नंबर, आणि मोबाईलमधे फोटो. फोटो एवढे झाले की घरचे म्हणाले बारशाचे पण एवढे नाहीत काढले.

इंजिन जमिनीवर आलंय तर स्वस्तात होणारी सगळी कामं तेव्हाच उरका. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, वॉटर पंप, पुढचं-मागचं ऑइल सील, थर्मोस्टॅट, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग. क्लच प्लेट चांगली दिसतेय म्हणून जुनीच ठेवायचा मोह होतो, पण ती बदलायला परत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मागच्या सीलची किंमत किरकोळ, तेच नंतर गळलं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं.

बसवताना एकच जागा अशी आली की तिघंही शिव्या द्यायला लागलो. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दात्यात शिरेना. प्लेट सेंटरला होती, डोळ्याला सगळं सरळ दिसत होतं, तरी बोटभर फट राहतच होती. जोर लावून बोल्टनं ओढून घ्यायचं नाही, प्लेटची वाट लागते किंवा हाउसिंगला चीर जाते. मग मी क्रँकच्या बोल्टला पाना लावून केसभर फिरवायचं, चुलतभावानं गिअरबॉक्स हलवायचा, बाळूदादा खालनं डोळा लावून, "थांब... अजून थोडं... बास", आणि खटकन आवाज येऊन फट मिटली. त्या आवाजासारखं सुख नाही बरं का.

दिवाळीत उघडलेली गाडी संक्रांतीला चालू झाली, कारण काम फक्त रविवारी, त्यातले काही रविवार ऊस तोडणीत आणि लग्नात गेले. मोकळा वेळ असता तर हेच काम आठवड्यात उरकलं असतं. मधल्या काळात आई रोज विचारायची, "अरे ते धूड कधी निघायचं शेडातनं, उन्हाळी वाळवणं आली तोंडावर."

हिशोब सांगतो, मोघम नाही. इंजिन बिलासकट 19,000 आणि पिकअपचं भाडं 1,500. क्लच सेट 3,200. बेल्ट, टेन्शनर, पंप, सील, टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) गॅसकेट मिळून 3,800. इंजिन ज्यावर बसतं ती रबरी माउंटिंग 2,100. होज, क्लिपा, थर्मोस्टॅट, कूलंट 2,400. रेडिएटर नवीनच टाकला, कारण मूळ रोग तिथलाच, 3,000. ऑइल, फिल्टर, प्लग, गिअर ऑइल 2,300. चेनकप्पीचं भाडं 600, आणि पाने, सॉकेट सेट, टॉर्क रेंच हे 4,000. बाळूदादा पैसे घेत नव्हता, बळंच 3,000 खिशात कोंबले. आरटीओ आणि कागदपत्रं 1,500. झाले 46,400. म्हणजे 62 हजाराच्या मानानं साडेपंधरा हजार वाचले, त्यातले चार हजार हत्यारांच्या रूपात कपाटात. रविवारांची मजुरी धरली तर वाचलं काहीच नाही, उलट अंगावर आलं असं अण्णा म्हणतात, आणि आकड्यात बघितलं तर त्यांचं खरंय. पण गॅरेजच्या 62 मधे क्लच, माउंटिंग, रेडिएटर काहीच नव्हतं, हे अण्णा सोयीनं विसरतात. 19 हजाराच्या इंजिनामागं दीडपट बाकीचाच खर्च आहे, तेव्हा नुसता इंजिनाचा भाव ऐकून कामाला हात घालू नका.

आता एवढे महिने वापरून काय. पहिले हजार किलोमीटर हळू चालवली, मग ऑइल आणि फिल्टर परत बदललं, कारण युज्ड इंजिनात आधीच्या मालकानं काय ओतलं होतं देव जाणे. अ‍ॅव्हरेज कराड-पुणे हायवेला एसी बंद ठेवून वीसच्या जवळ, गावात आणि आठवडी बाजाराच्या गर्दीत पंधरा-सोळा. आधीच्या इंजिनानं शेवटी शेवटी एवढंही दिलं नव्हतं. भर मे महिन्यात चौघं बसून कुंभार्लीतनंच वर-खाली केली, काटा अर्ध्याच्या खालीच, फॅन वेळेवर चालू-बंद. ऑइल दोन सर्व्हिसच्या मधे पाव लिटरच्या आसपास घेते, एवढ्या जुन्या इंजिनाला मी ते चालवून घेतो, निळा धूर मात्र कधी दिसला नाही.

तक्रारी पण आहेत. माउंटिंग मी लोकल टाकली, ओरिजिनलपेक्षा निम्म्या किमतीत, आणि आता सिग्नलला गाडी उभी असली की स्टिअरिंग थरथरतं, एसी लावला की जास्तच. तीन सिलेंडरचं इंजिन मुळातच थोडं हलतं, पण एवढं नाही. तिथं पैसे वाचवू नयेत, पुढच्या महिन्यात ओरिजिनल टाकतोय. टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यातनं ऑइल पाझरतं, गळत नाही पण धूळ चिकटून काळं होतं. पावसाळ्यात एकदा सकाळी सेल्फ नुसता कट-कट करायला लागला, तर बॅटरीचा निगेटिव्ह जिथं गिअरबॉक्सला येतो ती अर्थची वायर आतनं हिरवी पडलेली. दीडशे रुपयात नवीन बसवली, तेव्हापासून एका झटक्यात चालू होते. युज्ड इंजिन टाकणाऱ्यानं ती आधीच बदलून टाकावी.

"मग विकायची का ठेवायची" असं सगळे विचारतात. 2026 मधे पंधरा वर्षं भरतात, म्हणजे रिपासिंग. 2022 पासून त्याची फी 600 वरनं 5,000 झालीय, वर ग्रीन टॅक्स, आणि इन्स्पेक्शनला गाडी ठाकठीक पाहिजे. त्यातनं पाच वर्षं मिळतात. खालचा पत्रा ठोकून बघितला, चालकाच्या बाजूच्या सिलला, म्हणजे दाराखालच्या पत्र्याला, गंज धरलाय, तेवढा वेल्डिंगनं निघेल असं पत्रावाला म्हणतो. त्यानं आठ हजाराच्या आत सांगितलं तर ठेवतो, त्याच्या वर गेला तर इंजिनाच्या बिलासकट विकून टाकतो. जुनं इंजिन अजून शेडच्या कोपऱ्यात पडलंय, त्याचा अल्टरनेटर आणि सेल्फ चांगला आहे म्हणून भंगारवाल्याला दोनदा परत पाठवलं.