एका मिलिमीटरसाठी दुसरी जोडी?

माझ्याकडे नॉर्डिकाच्या सांता ॲना ९३ स्की आहेत, १६५ सेंटिमीटर लांबीच्या. चार सीझन झाले. ९३ म्हणजे पायाखालची रुंदी, मिलिमीटरमध्ये. मार्चमध्ये एलानच्या रिपस्टिक ९४ डब्ल्यू डेमोला, म्हणजे वापरून बघायला, दुकानातून घेतल्या आणि कोलोरॅडोतल्या कॉपर माउंटन या स्की रिसॉर्टला एक अख्खा दिवस त्यांच्यावर काढला. दोन्ही जोड्या सगळीकडे चालणाऱ्या, फरक एका मिलिमीटरचा. "मग हा उपद्व्याप कशाला?" नवऱ्याने आयझेनहॉवर टनेलच्या अलीकडे, गाड्यांच्या रांगेत खोळंबलेलो असताना विचारलं. मला पटकन उत्तर सुचेना.

खरं उत्तर गुडघे. वय ४७, आणि स्की शिकले तेच पस्तिशीत, डेन्व्हरला आल्यावर. नाशिकमध्ये बर्फ फक्त उसाच्या रसात.

सांता ॲनामध्ये लाकडी गाभ्याबरोबर टायटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा असतो. सकाळी बर्फ कडक असतो तेव्हा हा पत्रा सोन्यासारखा वाटतो. स्की थरथरत नाही, वेगातही भीती वाटत नाही. तोच पत्रा दुपारी मोगल्समध्ये, म्हणजे उतारावरच्या बर्फाच्या उंचवट्यांत, अंगावर येतो. प्रत्येक उंचवट्यावर ती स्की वळवायला ढकलावी लागते.

रिपस्टिकमध्ये पत्रा नाही, कार्बनच्या बारीक नळ्या आहेत. हलकेपणा हातात घेतल्यावरच कळतो. शिवाय डावी-उजवी वेगळी: आतल्या कडेला कॅम्बर (मधे उचललेली कमान), बाहेरच्या कडेला रॉकर (टोकांकडे वर वळलेला आकार). तसं स्कीवर छापलेलंही असतं, पण मी पहिली फेरी उलट्या घालून मारली. काहीतरी विचित्र वाटत होतं, आणि सवयीप्रमाणे मला वाटलं माझंच चुकतंय. (चुकतच होतं म्हणा.)

अदलाबदल केल्यावर मात्र मजा आली. कॉपरच्या रिझोल्यूशन भागातल्या मोगल्समध्ये वळायचं मनात आणावं आणि स्की वळलेली असावी. तीही डेमो बाइंडिंग (बूट अडकवायची खाच) लावलेली असताना, जी साध्या बाइंडिंगपेक्षा जड असते. दोननंतर मात्र ऊन चढून बर्फाचा चिखल झाला, त्यात लोकांनी केलेले ढीग. तिथे या हलक्या स्कीला धक्के बसले, टोकं इकडेतिकडे पळाली. सांता ॲना त्यातून बैलगाडीसारखी सरळ निघून जाते.

तरी संध्याकाळी मी क्रेडिट कार्ड काढलंच होतं. दुकानातल्या मुलाने सहज विचारलं, "तुमच्या स्कीच्या एजना, म्हणजे कडांना, शेवटची धार कधी लावली होती?" मला आठवेना. म्हणजे दिवसभर मी ताज्या वॅक्सच्या, धार लावलेल्या स्कीची तुलना माझ्या बोथट जोडीशी करत होते. बोथट विळीवर कांदा चिरून कांद्याला नावं ठेवावीत तसं. विकायला बसलेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा, याबद्दल त्या दुकानाला माझे पूर्ण गुण.

कार्ड परत ठेवलं. सांता ॲनाला धार आणि वॅक्स करून घेतलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तिथेच गेले. ग्रूमरवर, म्हणजे यंत्राने सपाट केलेल्या उतारावर, फरक जवळजवळ मिटला. सकाळी तर माझीच जोडी सरस. मोगल्समध्ये पहिल्या तीन फेऱ्याही छान झाल्या. चौथीला गुडघे बोलायला लागले. धार लावून वजन कमी होत नाही.

रिपस्टिक उत्तम आहे. पत्रा नसलेली, चपळ स्की हवी असेल आणि दुसरी तत्सम जोडी घरात नसेल, तर डोळे झाकून घ्या. माझ्यासाठी 'आणखी एक' म्हणून नाही. दोन्ही ठेवल्या तर रोज पहाटे गॅरेजमध्ये उभं राहून अंदाज बांधायचा आणि दुपारी दुसरीच आणायला हवी होती म्हणायचं. पावडरचे, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाचे, दिवस यंदाच्या सतरा दिवसांत तीनच मिळाले, त्यासाठी रुंद स्की भाड्याने आणते.

दुकानदार सीझनअखेर डेमोच्या जोड्या स्वस्तात काढतात. त्यात माझ्या मापाची रिपस्टिक निघाली तर घेईन, आणि त्याच दिवशी सांता ॲना विकायला लावीन. मैत्रिणीने आत्ताच नंबर लावून ठेवलाय. तिचे गुडघे ३१ वर्षांचे आहेत.