खाडीपुलाच्या गर्डरला तार की फायबर?

पुलाच्या बॉक्स गर्डरचं, म्हणजे पोकळ तुळईचं, काँक्रीट किती ताणलं जातं ते मोजायला त्यात व्हायब्रेटिंग वायर गेज (ताणलेल्या तारेच्या कंपनावरून मोजणारे) पुरावेत की फायबर ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे एफबीजी (काचतंतूतली ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परतवणारी खूण), असं विचारणारे फोन हल्ली वाढलेत. मी दोन्ही पुरलेत, तेही कोकणातल्या खाड्यांवर. अचूकतेवरून डोकं शिणवू नका. ताणात साधारण १००-१५० मायक्रोस्ट्रेनला (एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे लांबीत दहा लाखांत एक भाग फरक) काँक्रीट तडकतं. तेवढं दोघांनाही सहज कळतं.

तारेची बाजू तशी भक्कम. गेज दणकट, आणि तापमानाचा थर्मिस्टर आतच बसवलेला. नुसत्या ग्रेटिंगची तरंगलांबी तापमानाच्या एका अंशाला सुमारे १० पिकोमीटर सरकते आणि एका मायक्रोस्ट्रेनला जेमतेम १.२. म्हणजे एका अंशाचा हिशोब चुकला की आठेक मायक्रोस्ट्रेन खोटे. म्हणून शेजारी नळीत सुटं, स्ट्रेन न येणारं एक जादा ग्रेटिंग ठेवावंच लागतं. वर इंटरोगेटर, म्हणजे ग्रेटिंग वाचणारं यंत्र, लाखांच्या घरात.

तरीही मी तारेला कंटाळलो तो सगळ्या केबल्स जिथे जोडतात त्या जंक्शन बॉक्समुळे. ३२ गेज म्हणजे ३२ केबल्स, प्रत्येकीत चार तारा, एकूण १२८ टोकं. ऑगस्टात मॅनहोलमधून उतरायचं, वाकून डायाफ्रामपर्यंत, म्हणजे गर्डरच्या आतल्या आडव्या भिंतीपर्यंत, जायचं आणि बॅटरी दातात धरून झाकण काढायचं. ग्लँड आवळलेले, गॅस्केट नवी, तरी तळाशी चमचाभर पाणी असायचंच. स्क्रूंवर पितळेच्या जुन्या डब्यासारखा हिरवा थर. पुसून कोरडं केलं की वाचन उडी मारणार, आणि ती उडी गर्डरची की ओलीची, हे साहेबांना समजावण्यात दोन दिवस जाणार. एकदा वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि वाचनं नोंदवणारा लॉगरच गेला.

एफबीजीत ही तांब्याची भानगडच नाही. इंटरोगेटरची तरंगलांबीची खिडकी ४० नॅनोमीटरची, दर ग्रेटिंगला ३ सोडले तरी एका फायबरवर डझनभर बसतात. शिवाय भरलेला डंपर जाताना गर्डर कसा वागतो तेही दिसतं; साध्या लॉगरवर तारेच्या एका वाचनाला सेकंदभर लागतो, तोवर डंपर पार.

फायबर नाजूक, हा आक्षेप खराच. माझ्या पहिल्या गर्डरला शटरिंग खोलताना पहारेचा एक फटका बसला आणि फायबर काँक्रीटच्या तोंडाशीच तुटला. जोडायला बोटभरही शिल्लक नव्हता. तेव्हापासून तो बाजूच्या शटरिंगमधून काढत नाही, वरच्या स्लॅबमधून लोखंडी नळीतून काढतो. दोन्ही टोकंही बाहेर आणतो. मध्ये कुठे तुटला तर अर्धी ग्रेटिंग्ज इकडून वाचायची, अर्धी तिकडून.

सलग मोजणारा ब्रिल्वाँ फायबरही कोणी सुचवेल. तडा कुठे जाईल याचा अंदाजच नसेल, तर लांबलचक बोगद्याला तो बरा. पण त्याची नजर साधारण मीटरभराची, त्याहून बारीक त्याला दिसत नाही. गर्डरचे धोक्याचे छेद आपल्याला आधीच माहीत असतात, तिथे कशाला?

पूल लहान, दहाच्या आत गेज आणि महिन्यातून एकदा हातातल्या रीडआउटवर वाचन, एवढंच असेल तर तार घ्या, मीही घेईन. खाडी असेल आणि वीसच्या वर जागा असतील तर माझा कल तुम्हाला कळलाच असेल. इंटरोगेटर भाड्याने मिळतो का ते आधी बघा. सहा महिने काढून ठेवला तरी ग्रेटिंगचं शून्य हलत नाही. फक्त कनेक्टर खिशातल्या रुमालाने पुसू नका. त्यापायी माझी एक अख्खी दुपार गेली आहे.