चेस्टरफील्ड की चंदीगड स्टाईल?

ताईचं आठवडाभर तेच, बटणवाला चेस्टरफील्ड सोफा घेऊ की वेताचा चंदीगड स्टाईल. दोन्ही जुनेच, अवतार नवा. पहिला इंग्लंडचा, हात नि पाठ एकाच उंचीची, हल्ली लेदरऐवजी वेल्वेट लावतात. दुसरा स्विस आर्किटेक्ट पिएर जानरेच्या १९५०च्या दशकातल्या चंदीगडच्या फर्निचरवरून, सागवान, वेत आणि उलट्या व्हीसारखे पाय.

खर्च म्हणाल तर बटणं ओढून शिवायला कापड आणि मजुरी दोन्ही जास्त, स्वस्तातला कारागीर बटणं नुसती चिकटवतो, एक ओढून बघायचंच. खरा सागही स्वस्त नाहीच म्हणा.

साफसफाईत मात्र चेस्टरफील्ड रडवतो, खळग्यात गेलेले चिवड्यातले शेंगदाणे थेट पुढच्या दिवाळीला सापडतात (आमच्याकडे रिमोटचा सेलपण निघाला). वेताला ब्रश मारला की झालं. पण पोरं उभी राहून नाचली की वेत गेला. नुसता सैल पडला तर ओल्या फडक्याने भिजवून वाळवला की बराचसा ताणतो, फाटला तर विणणारा शोधत फिरा.

एसी हॉल, पाहुण्यांची ऊठबस, झाडपूस करायला माणूस असेल तर चेस्टरफील्ड, फक्त डोकं टेकायची अपेक्षा नको. उकाडा, भाड्याचं घर, दर दोन वर्षांनी टेम्पो असेल तर वेताचा, गाद्या सुट्या असतात, खोळी धुता येतात. ताई, तुझा धाकटा चार वर्षांचा आहे, तू सध्या दिवाणावरच बस.